हँग होणारा जुना लॅपटॉप: एसएसडी बसवल्यावरचे आठ महिने

गोव्यात साखळीला आमच्या घरी 2017 सालचा लॅपटॉप आहे. सातव्या पिढीचा आय-थ्री, 8 जीबी रॅम आणि 1 टीबीची फिरती हार्ड डिस्क. माझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं आणि सत्तरी-डिचोलीतल्या मांडांवर (गावातल्या लोकनृत्याच्या ठरलेल्या जागांवर) जाऊन रेकॉर्ड केलेली धालो-फुगडीची, म्हणजे बायकांच्या लोकनृत्यांची गाणी, सगळं त्याच्यावरच. गेल्या मार्चमध्ये तो बिघडला आणि जूनमध्ये एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) बसवल्यावर सुधारला. त्याला आता आठ महिने झाले, म्हणून हे सविस्तर लिहिते.

विंडोज व्यवस्थित सुरू व्हायचं, पासवर्ड घ्यायचं, डेस्कटॉपही दिसायचा. मग मिनिटभरात सगळं गोठायचं. माऊसचा बाण फिरायचा, पण क्लिक केलं तरी काही उघडायचं नाही. चार-पाच मिनिटांनी मघाशी क्लिक केलेलं सगळं एकदम धडाधड उघडायचं.

जवळच्या दुकानात नेला. "व्हायरस आहे, फॉरमॅट मारूया." मारला. तीन आठवडे छान चालला आणि पुन्हा तेच. दुसऱ्यांदा फॉरमॅट, पुन्हा पैसे. माझ्या फाईल डी ड्राइव्हवर होत्या म्हणून वाचल्या. मला वाईट याचं वाटतं, की दोन्ही वेळा डिस्क तपासून पाहावी असं तिथे कोणाला सुचलं नाही.

सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींसह सुरू केलं की, तो हँग होत नसे, त्यामुळे दोष सॉफ्टवेअरचाच असं मीही धरून चालले होते. पर्वरीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने फोनवर ते खोडून काढलं. "मावशी, सेफ मोडमध्ये डिस्कवरून फार थोडं वाचलं जातं. खराब भागाला हातच लागत नसेल. टास्क मॅनेजर उघड आणि आकडे वाच बघू." कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून परफॉर्मन्समध्ये डिस्क पाहिली. वापर 100 टक्के, पण वाचनाचा वेग जवळजवळ शून्य आणि रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंद.

सगळी मेख इथेच होती. अँटिव्हायरस किंवा अपडेटमुळे डिस्क 100 टक्क्यांवर गेली, तर तिचं काम चालू असल्याचं वेगात दिसतं. वापर पूर्ण आणि वेग शून्य, म्हणजे बहुधा डिस्क एकाच सेक्टरवर (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यावर) अडून तो पुन्हा पुन्हा वाचू पाहते आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने पिवळ्या रंगात 'कॉशन' दाखवलं. 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर शून्य हवं, तिथे आकडा होता. फॉरमॅटनंतर काही दिवस बरे का जायचे, तेही मग कळलं. खराब सेक्टरवर नव्याने काही लिहिलं गेलं की डिस्क त्याच्या जागी राखीव सेक्टर वापरते. पण डिस्कचा ऱ्हास त्याने थांबत नाही, पुढचे सेक्टर जातच राहतात.

मी लगेच चेक डिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्रॅम) चालवणार होते, भाच्याने थांबवलं. मरणाऱ्या डिस्कवर तो ताण नको, आधी फाईल बाहेर काढ, म्हणाला. रात्री दोन वाजेपर्यंत बसून कॉपी केल्या. आधी गाणी, मग बाकीचं. नऊ फाईल आल्याच नाहीत आणि त्यांत दोन गाणी होती. त्यातलं एक गाणाऱ्या आजी आता नाहीत. ती रुखरुख अजून आहे.

मग 500 जीबीची साटा एसएसडी आणली. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल न करता तिच्यावर विंडोज नव्याने टाकलं. पूर्वी काम सुरू करण्याजोगा व्हायला चार मिनिटं लागायची, आता वीस-पंचवीस सेकंद. फिरती डिस्क गेल्याने तिची घरघरही गेली.

आठ महिन्यांत तो एकदाच पुन्हा गोठला, चवथीच्या सुट्टीत. माझ्या पोटात गोळाच आला. पण या वेळी लक्षण वेगळं होतं: शटडाऊन करून सुरू केला की हँग, रीस्टार्ट केला की ठणठणीत. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि सुरू होताना तोच परत उचलतं; रीस्टार्टला मात्र सगळं कोऱ्यापासून सुरू होतं. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद केलं, ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकला. त्यानंतर एकदाही नाही.

उणं सांगायचं तर बॅटरी तासभरच पुरते आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने कीबोर्डची दोन बटणं अडकतात. एसएसडीने ते सुधारणार नव्हतंच. मोठी अडचण दुसरी आहे. हा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. जादा सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली आहे, ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत चालेल. त्यानंतर यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकायचं ठरवलंय, भाच्याने पेन ड्राइव्हवरून चालवूनही दाखवलं. देवनागरी टाइप नीट होते, गाणीही वाजतात.

गाण्यांच्या प्रती आता तीन ठिकाणी आहेत: लॅपटॉपवर, बाहेरच्या डिस्कवर आणि पर्वरीला भाच्याकडे. क्रिस्टलडिस्कइन्फो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उघडते. परवाच पाहिलं, निळं 'गुड' आहे.