८×४२ दुर्बीण: दोन सीझन वापरून झाल्यावर

दोन सीझन ही ८×४२ दुर्बीण (म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमी) गळ्यात घालून फिरलोय, म्हणून आता लिहितो. माझा वापर एकच, शरद ऋतूत स्थलांतर करणारे पक्षी गावातल्या गावात बघायचे, म्हणजे बाग, तळं, नाल्याचा काठ, फार तर घराची गच्ची.

आधी माझ्याकडे १०×२५ ची छोटी होती. खिशात मावते आणि १० पट दिसतं म्हणून घेतलेली. पण बरेचसे छोटे पक्षी रात्री उडतात आणि पहाटे झाडांवर उतरतात, त्यामुळे उजाडल्यानंतरचा पहिला तास-दीड तास सगळ्यात भारी असतो आणि नेमकं तेव्हाच तिच्यातून सगळं काळपट दिसायचं. हिशोब सोपा आहे, पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट. २५ भागिले १० म्हणजे डोळ्यात शिरणारा उजेडाचा गोल फक्त २.५ मिमी, आणि ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५ मिमी. कमी उजेडात डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, तेव्हा हा फरक लगेच जाणवतो. पहिल्याच सकाळी पानांत एक वटवट्या (छोटा चपळ पक्षी) दिसला आणि त्याच्या पंखावरची ती बारीक फिकट पट्टी स्वच्छ दिसली, जी मी तोवर फक्त चित्रात बघितलेली. अंगावर काटा आला अक्षरशः.

१० पट म्हणजे हाताची थरथर पण १० पट. वटवट्या एका फांदीवर दोन सेकंद थांबत नाही, त्यामुळे मला पट थोडी कमी पण चित्र रुंद आणि स्थिर हेच जास्त कामाचं वाटतं. उडणाऱ्या भिंगरी पक्ष्यांच्या मागे दुर्बीण फिरवतानाही तेच. तळ्यावरच्या बदकांना मात्र जास्त पट बरी पडली असती हे मान्य. या दिवसांत बऱ्याच नरांची पिसंही मादीसारखी मळकट असतात, रंगावरून काही कळत नाही, चोचीवरून ओळखायचं. थापट्या बदकाची ती फावड्यासारखी चोच ८ पटीतही चुकत नाही, बाकीच्यांचं लांबून अवघड जातं.

आता तक्रारी. सोबतचा पट्टा अगदीच पातळ आहे, तासाभरात मान दुखते, मी खांद्यांवरून घालायचा वेगळा पट्टा लावला. पुढच्या भिंगांची झाकणं सैल आहेत, एक पहिल्याच महिन्यात हरवलं. फोकसचं चाक मात्र मऊ आणि एकसारखं फिरतं, समोरच्या काठावर शेपटी हलवणाऱ्या तुतवार पक्ष्यावरून जवळच्या धोबी पक्ष्यावर यायला वेळ लागत नाही.

चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी रिंग पूर्ण आत फिरवा, नाहीतर कडेचं चित्र कापलं जातं. आणि घेतल्या घेतल्या उजव्या डोळ्याचं सेटिंग करा: उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचं स्पष्ट करायचं, मग डावा मिटून उजव्याची रिंग फिरवायची. मी हे पंधरा दिवस केलंच नव्हतं आणि डोकं दुखतं म्हणून दुर्बीण परत करायला निघालो होतो.