विहिरीच्या पाण्यासाठी एचटूएस बाटली: पावसाळ्यात किती उपयोगाची?

गोव्यात जिथे विहिरीचं पाणी पितात, तिथे जूनआधी पाणी तपासायची ही बाटली घरात आणून ठेवावी. २० मिलिलिटरची निर्जंतुक बाटली, आत रसायन लावलेली कागदाची पट्टी. विष्ठेसोबत येणारे बरेच जिवाणू हायड्रोजन सल्फाइड (एचटूएस) वायू सोडतात, त्याची पट्टीतल्या लोहाशी क्रिया होते आणि पाणी काळं पडतं. भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडलेली ही पद्धत. प्रयोगशाळा लागत नाही.

पाणी कधी घेता, याला फार महत्त्व आहे. एप्रिलमध्ये सोक पिटचा (शौचालयाचं सांडपाणी जिरवण्याच्या खड्ड्याचा) तळ आणि भूजल यांच्यामध्ये कोरड्या मातीचा जाड थर असतो, बरेच जिवाणू तिथेच अडकून मरतात. जुलैत भूजल चढलं की तो थर उरत नाही आणि जांभ्याच्या भेगांतून घाण विहिरीकडे वाहते. म्हणून उन्हाळ्यातल्या निकालावर पावसाळा काढू नये. पहिल्या जोरदार पावसानंतर तपासा, पुढे प्रत्येक मोठ्या झडीनंतर पुन्हा. पाणी खुणेपर्यंत भरा; झाकणाच्या आत बोट लागता कामा नये. बाटलीला ३० ते ३७ अंशांची ऊब हवी. झडीत घर थंड असतं, काळेपणा उशिरा येतो. २४ तासांत पाणी काळं झालं नाही म्हणून खूश होऊ नका, ४८ तास थांबा. नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकलेल्या पाण्याचा निकाल फसवा.

उणिवा आहेतच. खाजनालगतच्या (खाडीकाठच्या खाऱ्या, सखल शेतजमिनीलगतच्या) विहिरीत चिखलातले जिवाणूही हाच वायू करतात, विष्ठा नसतानाही बाटली काळी पडू शकते. उलट कॉलऱ्याचा जिवाणू सहसा हा वायू करत नाही, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जिवाणूही यात सापडत नाही. बाटली घाण दाखवते, रोग नव्हे.

काळी पडली तर पाणी उकळूनच प्या आणि विहिरीत क्लोरीन घाला. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (मीटरमध्ये) गुणिले ७८५, इतके लिटर पाणी. हजार लिटरला २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. ३ मीटर व्यास, ४ मीटर पाणी असेल तर सुमारे ७० ग्रॅम. बादलीत कालवून दहा मिनिटं ठेवा, वरची निवळीच विहिरीत सोडून पाणी ढवळा, तासभर उपसू नका. खालचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं. दमट हवेत उघडी राहिलेली पावडर निकामी होते, आणि पावसाळ्यात बहुतेकांची फसगत इथेच होते.

काळ्या बाटलीत जिवाणू वाढलेले असतात. ब्लीचिंगचं पाणी घालून तासाभराने ती शौचकुपात ओता, विहिरीजवळ कधीच नाही.