आरटीएल-एसडीआर व्ही३ : ॲम्प्लिफायर जळाला आणि चित्रे सुधारली

वळवाच्या पावसात गच्चीवर अँटेनाजवळ बसवलेला माझा ॲम्प्लिफायर (अँटेनाचा क्षीण संकेत वाढवणारे उपकरण) निकामी झाला. ज्या दुकानातून तो घेतला होता, त्यांनी "विजांमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही" असे एका ओळीचे उत्तर पाठवून विषय संपवला. अँटेनावर वीज पडलेली नव्हती. त्या दिवशी विजा दूर डोंगराकडे चमकत होत्या आणि अशा हवेत तारेवर साठणाऱ्या विद्युतभारापासून संरक्षण असल्याचे त्या वस्तूच्या जाहिरातीत ठळकपणे लिहिले होते. ते संरक्षण पहिल्याच वळवात कोठे गेले, या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. मात्र बदली वस्तूची वाट पाहत असताना अँटेनाची केबल थेट आरटीएल-एसडीआर व्ही३ या डोंगलला (संगणकाच्या यूएसबीला लावायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरला) जोडली आणि मेटिओर या हवामान उपग्रहाची चित्रे आधीपेक्षा स्पष्टपणे चांगली येऊ लागली. इतक्या महिन्यांच्या वापरानंतर हे सविस्तर लिहावेसे वाटले ते त्यामुळेच.

माझा वापर बहुतांशी १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, पुण्यातल्या दाट वस्तीतल्या इमारतीच्या गच्चीवरून होतो. एनओएए या अमेरिकी हवामान संस्थेचे जुने तीन उपग्रह २०२५च्या जून ते ऑगस्ट या काळात बंद झाल्यानंतर या पट्ट्यात हवामानाची चित्रे मिळवण्यासाठी प्रामुख्याने रशियाचे मेटिओर एम एन२-३ आणि एन२-४ हेच उरले आहेत. एनओएएचे प्रक्षेपण ॲनालॉग असल्यामुळे गोंगाट वाढला तरी चित्र दाणेदार का होईना, पण दिसत असे. मेटिओरचे प्रक्षेपण डिजिटल असल्यामुळे संकेत गोंगाटाच्या पुरेसा वर असेल तर चित्र निर्दोष येते आणि थोडा जरी कमी पडला तरी तेथे काळी पट्टी उमटते. दोन-तीन डेसिबलचा (डेसिबल म्हणजे संकेतांच्या शक्तीची तुलना करण्याचे एकक) फरक एवढा निर्णायक ठरतो, हे मेटिओर वापरू लागल्यावरच नीट कळते.

या डोंगलबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते गेनच्या, म्हणजे डोंगलमध्ये संकेत किती वाढवायचा हे ठरवणाऱ्या पट्टीबद्दल, कारण माझ्या मते या सगळ्या यंत्रणेत तिच्याइतके महत्त्वाचे आणि तिच्याइतके दुर्लक्षित दुसरे काही नाही. डोंगलमधल्या आर८२०टी२ या ट्यूनरला, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी निवडणाऱ्या चिपला, शून्यापासून ४९.६ डेसिबलपर्यंत गेनच्या २९ पायऱ्या आहेत, आणि संकेत कमजोर दिसला की पट्टी शेवटपर्यंत सरकवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. गेन वाढवला की संकेत वाढतो आणि त्याबरोबर गोंगाटही तेवढाच वाढतो. आपल्या उपयोगाचे असते ते फक्त त्या दोहोंमधले अंतर. त्यातच डोंगलचे डिजिटल रूपांतर ८ बिटांचे असल्यामुळे सर्वांत बलवान आणि सर्वांत क्षीण संकेत एकाच वेळी सांभाळण्याची त्याची मर्यादा जेमतेम ५० डेसिबलच्या आसपास आहे. शहरात ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवरची एफएम केंद्रे उपग्रहाच्या तुलनेत प्रचंड बलवान असतात, आणि डोंगलच्या आधी आणखी एक ॲम्प्लिफायर ठेवला की ट्यूनरचा प्रवेशमार्गच ओव्हरलोड होतो. मग वॉटरफॉलवर (संकेत पडद्यावर रंगांनी दाखवणाऱ्या आलेखावर) जेथे काहीच नसायला हवे तेथे एफएमच्या छटा दिसू लागतात आणि उपग्रहाचा संकेत दबून जातो.

हे ओळखण्याची खूण सोपी आहे. गेन एकेक पायरी कमी करत जावे आणि संकेताच्या शिखराकडे न पाहता ते शिखर व गोंगाटाची पातळी यांमधल्या अंतराकडे पाहावे. गेन कमी करूनही अंतर वाढत असेल, तर आपण आतापर्यंत स्वतःच निर्माण केलेला गोंगाट ऐकत होतो असे समजावे. तिसऱ्या क्रमाची मिश्रणे, म्हणजे ओव्हरलोडमध्ये बलवान संकेत एकमेकांत मिसळून तयार होणारे खोटे संकेत, गेन १ डेसिबलने घटवल्यावर सुमारे ३ डेसिबलने घटतात, त्यामुळे खोटे संकेत खऱ्या संकेतांपेक्षा कितीतरी लवकर नाहीसे होतात.

ॲम्प्लिफायर नसताना चित्रे का बिघडली नाहीत, याचे उत्तरही या पट्ट्यातच आहे. १३७ मेगाहर्ट्झवर आकाशगंगेचा आणि त्याहून जास्त शहराचा गोंगाट डोंगलच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा मोठा असतो. तो अँटेनातूनच आत येत असल्यामुळे कितीही उत्तम ॲम्प्लिफायर त्याला वेगळा काढू शकत नाही. अँटेनाची केबल काढून पुन्हा लावावी, आणि लावताच गोंगाटाची पातळी स्पष्ट वर गेली तर ॲम्प्लिफायरवर पैसे घालवू नयेत. मीटर लांबीच्या लहरींवर काम करणारी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण नारायणगावजवळच्या खोडदला, मोठ्या शहरांपासून दूर उभारली गेली यामागेही मानवनिर्मित गोंगाट टाळणे हे एक महत्त्वाचे कारण होते.

एफएम रोखणाऱ्या फिल्टरबद्दल पहिले काही महिने माझे मत असे होते की गेन नीट लावला तर तो अनावश्यक खर्च आहे. आता ते मत बदलले आहे. फिल्टर बसवल्यावर गेन आणखी काही पायऱ्या वर नेता येतो आणि उपग्रह क्षितिजाजवळ असतानाचा, एरवी वाया जाणारा भागही हाती लागतो. या सगळ्या साहित्यात डोंगलनंतर पैसे घालावेत अशी हीच एक वस्तू आहे.

उरलेला गोंगाट बहुधा आपल्याच घरात असतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद केला आणि नंतर एकेक उपकरण सुरू करत वॉटरफॉल पाहिला, तेव्हा स्वस्त मोबाइल चार्जर आणि जिन्यातला एलईडी दिवा हे दोन मुख्य दोषी सापडले. चार्जर बदलला, दिव्याबाबत सोसायटीला विनंती केली आणि डोंगलच्या यूएसबी केबलवर फेराइटचे (केबलवरचा गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे) दोन क्लॅम्प चढवले. एवढ्यानेच जो फरक पडला तो जळालेल्या ॲम्प्लिफायरच्या किमतीच्या अगदी लहान हिश्शात पडला.

सॉफ्टवेअरकडून अपेक्षा कोठपर्यंत ठेवावी, हेही स्पष्ट सांगायला हवे. २.४ मेगाहर्ट्झ रुंदीच्या नमुन्यांतून आपल्याला हवा तेवढा सुमारे १५० किलोहर्ट्झचा भाग गाळून घेतला की त्या रुंदीबाहेरचा गोंगाट बाद होतो, आणि हा हिशेबाने १२ डेसिबलचा लाभ आहे. सॅटडंप हे उपग्रहाचा संकेत उलगडून चित्र बनवणारे सॉफ्टवेअर चुकलेले बिट दुरुस्त करून बऱ्याच ओळी वाचवते. आवाजातला गोंगाट कमी करण्याचे बटण मात्र कानाला सुखावते. चित्राच्या डिजिटल विदेला त्याचा काही उपयोग नाही. डिजिटल रूपांतर होण्याआधीच ओव्हरलोडमुळे जे मिसळले, ते कोणत्याही सॉफ्टवेअरला पूर्वीसारखे वेगळे करता येत नाही, म्हणून फिल्टर आणि गेन यांचा विचार संगणकाच्या आधी करावा लागतो.

केबलच्या बाबतीत काटकसर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. डिश टीव्हीसाठी वापरली जाणारी आरजी-६ केबल ७५ ओहमची असल्यामुळे ५० ओहमच्या डोंगलला चालणार नाही असे सांगितले जाते, परंतु त्या एका जोडावर परत फिरणारी शक्ती केवळ ४ टक्के, म्हणजे ०.१८ डेसिबल असते. या पट्ट्यात तीच केबल महागड्या बारीक केबलपेक्षा कमी संकेत खाते आणि कोपऱ्यावरच्या केबलवाल्याकडे मीटरवर मिळते. अँटेनाही ५३.४ सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियम नळ्या १२० अंशांत आडव्या बसवून केलेली आहे.

ॲम्प्लिफायर सर्वत्र निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. अवकाशातल्या हायड्रोजनच्या १४२०.४ मेगाहर्ट्झच्या रेडिओ रेषेसाठी किंवा १.७ गिगाहर्ट्झवरच्या उपग्रहांसाठी तो अँटेनाच्या तोंडाशीच लागतो, कारण तेथे आकाश शांत असते आणि केबलमधला ऱ्हास बराच वाढतो. पुढच्या हिवाळ्यात तो पट्टा पाहण्याचा विचार आहे. त्यासाठीचा ॲम्प्लिफायर मी वॉरंटीच्या अटी बिलावर लेखी देणाऱ्या दुसऱ्या दुकानातून घेईन.