लायसीन: गोळी घ्यायची की वाटीभर उसळ?

पुतण्या शाकाहारी, दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी, आणि आता कुणीतरी डोक्यात भरवलंय की लायसीनच्या गोळ्या घे. लायसीन म्हणजे प्रोटीनचा एक घटक (अमिनो आम्ल), आणि ज्वारीत ते कमी हे खरंच आहे. शरीर ते स्वतः बनवत नाही, खाण्यातूनच यावं लागतं, मोठ्या माणसाला दिवसाला किलोमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण १८०० मिलिग्रॅम.

गोळी बहुतेक ५०० मिलिग्रॅमची असते, पाण्याबरोबर गिळली की झालं, कष्ट शून्य. पण मिळतं फक्त लायसीन, आणि खर्च दर महिन्याला.

१०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत साधारण दीड ग्रॅम लायसीन, वर फायबर, लोह, बाकीचं प्रोटीन. डाळीत मेथिओनीन हा प्रोटीनचा दुसरा एक घटक कमी, तो भाकरी भरून काढते, म्हणून जोडी जमते. कटकट एकच, मटकी रात्री भिजवा, मोड आणा, आणि डाळ म्हणून नुसतं पिवळं पाणी वाढलं तर काही उपयोग नाही बरं का!

घरी रोज घट्ट वरण-उसळ, दूध-दही होत असेल तर गोळीची गरजच नाही. डाळी पचतच नसतील किंवा जेवणच फार कमी असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी, किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नको. मेसवाल्या पोरांनी सोयाबीनच्या वड्या आणाव्यात, स्वस्त पडतात.