प्रवासापुरते जपानी : पणजीतील आठ रविवारांच्या वर्गाविषयी

पणजीत सांतिनेज भागात रविवारी सकाळी भरणाऱ्या जपानी भाषेच्या वर्गाला मी आणि माझी आई गेल्या थंडीत आठ आठवडे जात होतो. वर्ग दोन तासांचा, शुल्क माणशी साडेचार हजार रुपये आणि विद्यार्थी एकूण अकरा. परीक्षेची तयारी हा या वर्गाचा हेतू नाही. जपानला फिरायला जाणाऱ्या माणसाला स्टेशन, दुकान आणि खानावळ येथे निभावता यावे, एवढेच तो पाहतो. एप्रिलमध्ये आम्ही दोघी क्योतो आणि ओसाका येथे बारा दिवस राहून आलो, त्यामुळे शिकलेल्यातले काय कामी आले आणि काय राहून गेले, हे आता अनुभवावरून सांगता येईल.

या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे टीचर जपानी भाषा इंग्रजीतून नव्हे, तर मराठीतून शिकवतात. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नामाला जोडून येणारे छोटे शब्द आपल्या विभक्तिप्रत्ययांचे व शब्दयोगी अव्ययांचे काम करतात. 'नो' म्हणजे आपला चा-ची-चे, 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत. 'क्योतो कारा ओसाका मादे' याचे मराठी करताना शब्दांचा क्रमही बदलावा लागत नाही. पहिल्याच रविवारी टीचरनी फळ्यावर 'कोरे वा सकाना देस् का' असे लिहिले आणि त्याखाली 'हा मासा आहे का' असे लिहून दोन्हीकडच्या 'का'भोवती खडूने वर्तुळ काढले. अडुसष्टाव्या वर्षी नवी भाषा शिकायला बिचकणारी माझी आई त्या क्षणी सावरून बसली आणि म्हणाली, "अगो, हा तर आपलाच 'का'!" माणसे मोजण्याचेही तसेच. जपानीत वस्तूंसाठी एक आणि माणसांसाठी दुसरे संख्यारूप असते, हे ऐकून इंग्रजी पुस्तकावरून शिकणारे गोंधळतात. पण आपण तरी 'दोन बायका आलो' असे कुठे म्हणतो? आपण 'दोघी' म्हणतो. 'फुतारी' म्हणजे दोघी, एवढे सांगितल्यावर ते डोक्यात पक्के बसले आणि क्योतोतील प्रत्येक खानावळीच्या दारात 'फुतारी देस्' हे वाक्य आईच म्हणत असे.

उच्चारांच्या बाबतीतही टीचरनी देवनागरीचा फार विचारपूर्वक उपयोग करून घेतला आहे. 'त्सुनामी'तला 'त्सु' हा आपल्या 'चूल'मधला 'चू' ऱ्हस्व केला की जवळजवळ साधतो. 'देस्'मधला शेवटचा उकार बहुधा ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्या टिपणांत तो पाय मोडूनच लिहिलेला असतो. ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र त्या काटेकोरपणे लक्ष देतात, आणि ते योग्यच आहे, कारण 'बिरु' म्हणजे इमारत आणि 'बीरु' म्हणजे बिअर. जिथे देवनागरीत दीर्घत्व दाखवता येत नाही तिथे त्या अवग्रह वापरतात : 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. जपानी अक्षरांच्या तक्त्याचा क, स, त, न, ह, म, य, र, व हा क्रम बौद्ध भिक्षूंनी केलेल्या सिद्धम् या संस्कृत लिहिण्याच्या जुन्या लिपीच्या अभ्यासातून, म्हणजे आपल्याच वर्णमालेच्या वळणावर बसला आहे, हे मला तिथेच कळले.

गोव्यातल्या वर्गात शोभावी अशी एक गोष्टही टीचर आवर्जून सांगतात. जपानमधल्या कागोशिमाचा अंजिरो गोव्यात येऊन सेंट पॉल कॉलेजात शिकला, १५४८ मध्ये येथेच त्याचा बाप्तिस्मा झाला आणि १५४९ मध्ये तो फ्रान्सिस झेवियरबरोबर मायदेशी परतला. पोर्तुगिजांमुळे ज्या शब्दापासून आपल्याकडे 'पाव' आला, त्याच शब्दापासून जपानीत 'पान' आला. क्योतोत सकाळी पाव विकणाऱ्या दुकानावर 'पान' ऐकले की आईला पोदेराची, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याची आठवण येई.

आता उणिवा. पहिली लिपीची. जपानीत हिरागाना व काताकाना या प्रत्येकी सेहेचाळीस मूळ अक्षरांच्या दोन लिप्या आणि त्यांखेरीज कांजी ही चित्राक्षरे असतात. त्यांतली रोजच्या व्यवहारासाठी अधिकृत यादीत घेतलेलीच २१३६ आहेत. आठ रविवारांत सगळे होणे शक्य नाही, हे मान्य. पण वर्गाने पाच रविवार हिरागानाला दिले आणि काताकाना शेवटच्या तासात घाईने उरकली. प्रवाशासाठी हा क्रम उलटा हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. परकीय शब्द काताकानात लिहितात, म्हणून ती अक्षरे जोडता आली की अर्थ आपोआप कळतो : 'होतेरु', 'बासु', 'चिकिन', 'कारेऽ'. ओसाकात एका खानावळीच्या दाराशी पैसे टाकून जेवणाचे तिकीट घ्यायचे यंत्र होते. हिरागाना मला वाचता येत होती, पण वाचलेल्या शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता. ज्या बटणांचा अर्थ लागला असता ती काताकानात होती. मागे रांग वाढत असताना मी वहीतला तक्ता उघडून एकेक अक्षर लावत उभी होते. कांजीपैकी मात्र टीचरनी निवडलेली वीसच अक्षरे अत्यंत उपयोगी ठरली. रिकामा चौकोन म्हणजे तोंड, त्याच्या आधी 'बाहेर पडणे' या अर्थाचे अक्षर आले की 'देगुचि', म्हणजे बाहेर पडायची वाट. प्रचंड स्टेशनांत तो चौकोन शोधतच आम्ही चालत होतो.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. वर्गात प्रश्न विचारायला उत्तम शिकवतात, पण समोरच्याचे बोलणे ऐकायला शिकवत नाहीत. चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात मी डबा घेऊन उभी राहिले, तेव्हा मुलगी झरझर म्हणाली, 'अतातामेमास् का'. शेवटच्या 'का'वरून प्रश्न आहे एवढे समजले. डबा गरम करून देऊ का, असे ती विचारते आहे, हे दुसऱ्या दिवशी कळले. पिशवीचे पैसे वेगळे पडतात, म्हणून 'फुकुरो' हा पिशवीचा शब्द प्रत्येक खरेदीत कानी पडतो, आणि तो आमच्या टिपणांत नव्हता.

तिसरी गोष्ट खाण्याची. आईला सोमवारी मासळी चालत नाही. वर्गात 'निकु तो सकाना वा ताबेमासेन', म्हणजे मांस आणि मासे खात नाही, हे वाक्य घोटून घेतले होते. पण उदोन-सोबा या शेवयांच्या रश्शात आणि मिसो सूपमध्ये बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, त्याला 'दाशी' म्हणतात, हे कोणी सांगितले नव्हते. वरून मासा दिसत नाही, त्यामुळे वाढणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. पहिल्या सोमवारी आईने अर्धा वाडगा संपवल्यावर ते कळले आणि तिने शांतपणे वाडगा बाजूला ठेवला. मला मात्र फार वाईट वाटले. 'कात्सुओ नो दाशी वा हाइत्ते इमास् का', म्हणजे यात कात्सुओ माशाचा अर्क आहे का, हा प्रश्न आणि देवळांतल्या शाकाहारी जेवणाचे 'शोऽजिन र्योऽरि' हे नाव, एवढे पहिल्या महिन्यात शिकवायलाच हवे.

एवढे असूनही शुल्क वसूल झाले, असेच मी म्हणेन. ज्यांना मोबाइलवरच्या धड्यांचा कंटाळा येतो आणि ज्यांच्यासोबत घरातले वडीलधारे प्रवासाला निघाले आहेत, त्यांनी हा वर्ग जरूर करावा. ज्यांना पुढे परीक्षा द्यायची आहे, त्यांना तो अपुरा पडेल. परतल्यावर मी हे सर्व टीचरना लिहून दिले. नव्या तुकडीत काताकाना दुसऱ्या रविवारपासून घेण्याचे त्यांनी मान्य केले आहे, आणि एका रविवारी मला दुकानातली मुलगी होऊन विद्यार्थ्यांना झरझर प्रश्न विचारायला बोलावले आहे. त्यासाठी मी दहा प्रश्न काढून ठेवले आहेत. पहिला पिशवीचा आहे.