टॉवर ऑफ ड्रुआगा: एकटे बसणार असाल तर घेऊ नका

जुन्या प्लेस्टेशनची नामको म्युझियम व्हॉल्यूम ३ ही सेकंडहँड सीडी घेतली. त्यात सहा गेम येतात, गॅलॅक्सियन, मिस पॅकमॅन, डिग डग, पोल पोझिशन २, फोझॉन आणि द टॉवर ऑफ ड्रुआगा. रिव्ह्यू शेवटच्या एकाचाच लिहितोय, कारण बाकीचे बहुतेकांनी कुठं ना कुठं खेळलेत, आणि फोझॉन नाही खेळला तरी काही अडत नाही.

ड्रुआगा नामको ह्या जपानी कंपनीचा, १९८४ चा, झेव्हियस हा गेम ज्यानं केला त्या मासानोबू एंडोनं डिझाईन केलेला. ६० मजल्यांचा मनोरा, प्रत्येक मजला म्हणजे एक भूलभुलैया, आपण गिल म्हणजे राजपुत्र गिल्गमेश, सोनेरी चिलखतातला. किल्ली शोधायची, दार शोधायचं, वर जायचं, सगळ्यात वर 'की' (Ki) नावाची पुजारीण अडकलीय तिला सोडवायचं. एवढंच असतं तर मी लिहायलाच बसलो नसतो. खरा खेळ पेट्यांचा आहे. जवळजवळ प्रत्येक मजल्यावर एक खजिन्याची पेटी लपलेली असते आणि ती दिसतच नाही. त्या मजल्यावर काहीतरी ठराविक केलं तरच ती प्रकट होणार, आणि काय करायचं हे गेम तुम्हाला सांगत नाही. जरासुद्धा नाही.

सुरुवातीला वाटतं सोपं आहे. पहिल्या मजल्यावर तीन हिरवे स्लाईम, म्हणजे लिबलिबीत गोळ्यासारखे राक्षस, मारले की पेटी येते, आत तांब्याची कुदळ, तिनं भिंत फोडता येते. दुसऱ्यावर दोन काळे स्लाईम मारा, जेट बूट मिळतात आणि गिल पळायला लागतो (त्याआधीची त्याची चाल बघून आमची आई म्हणाली, ह्याला कुणी जेवायला घातलं नाही काय). तिसऱ्यावर निळा नाईट, म्हणजे चिलखतातला योद्धा. म्हणजे मारत सुटायचं असा आपला समज होतो आणि मग वरचे मजले तो समज धुऊन काढतात. कुठं जादूगाराचा मंत्र ढालीवर झेलायचा, कुठं जॉयस्टिक ठराविक क्रमानं हलवायची, एका मजल्यावर तर चक्क स्टार्टचं बटन दाबायचं! आता खेळ चालू असताना स्टार्ट कोण दाबतंय ओ? आपल्याकडं म्हणतात पायाळू माणसाला गुप्तधन दिसतं, ह्या गेमला तसलाच प्लेयर पाहिजे.

आणि पेट्या सोडून चालत पण नाही. पांढरी तलवार, ड्रॅगन स्लेयर, एक्सकॅलिबर ह्या तलवारी एकमेकांवर अवलंबून आहेत, खालची राहिली तर वरची पेटी उघडून उपयोग नाही आणि ते तुम्हाला कळणार लई उशिरा. काही पेट्यांत बाटली निघते ती प्यायची नसतेच, नुकसान करते. मला हा भाग अन्यायच वाटतो, स्पष्ट सांगतो.

मग घ्यायचा कशाला? तर हा गेम एकट्यासाठी नाहीच. जपानात आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायच्या दुकानात, पोरं वह्या ठेवायची, ज्याला जे सापडलं ते त्यात लिहायचा, दुसरा वाचून पुढं जायचा. आम्ही बेळगावच्या टिळकवाडीत तेच केलं. नेटवर सगळी यादी मिळते पण ती बघायची नाही असं आधीच ठरवलं. रविवारी निपाणीचा आत्तेभाऊ येतो, खानापूरचा एक दोस्त असतो, शेजारचा कन्नड बोलणारा पोरगा असतो, आणि वही एकच. शेजारचा कन्नडातच विचार करतो, म्हणून वहीत पहिल्या मजल्याला 'मूरु हसिरु' असं लिहिलंय, तीन हिरवे, आता आम्ही पण तसंच बोलतो. एक जण खेळणार, बाकीचे नुसतं बघून ओरडणार, "अगा त्या जादूगारासमोर तलवार काढू नको गा, ढाल बाजूला जातेय!" हे खरं आहे बरं का, तलवार म्यानात असली की ढाल समोर असते, उपसली की डावीकडं सरकते, त्यामुळं समोरून आलेला मंत्र थेट अंगावर. तलवार चालवायचं बटन दाबून धरायचं का सोडायचं एवढ्यावर निम्मी भांडणं होतात. पेटी आली की मात्र सगळी गल्ली जागी होते.

आणखी एक, नाईटशी झुंजताना गिलची ताकद कमी होत असते पण ती स्क्रीनवर कुठंच दाखवत नाही. मागच्या मारामारीत किती झिजलाय ते अंदाजानंच ओळखायचं. जास्त वेळ रेंगाळलात तर विल-ओ-विस्प येतात, आगीचे गोळे, ते तलवारीनं मरत नाहीत. म्हणून पेटीच्या नादात फिरत बसायला पण गेम देत नाही. हा ताण मला आवडला.

संगीत जुन्को ओझावाचं, भूलभुलैयाची धून छोटीच आहे पण डोक्यातून जात नाही, घरच्यांना त्रास होतो. चित्रं साधी, सुपर पॅकमॅन ह्या नामकोच्याच आधीच्या गेमच्या हार्डवेअरवर चालणारा गेम आहे शेवटी. सीडीत थ्रीडी म्युझियम पण आहे, त्यात चालत फिरून गेम निवडायचा, एकदा बघायला बरं, नंतर नुसता वेळ जातो.

मार्क द्यायचे तर चौघं असाल तर पाचपैकी साडेचार, एकटे असाल तर दोन, तेही तुम्ही चिकाटीचे असाल तर. सेकंडहँड घेताना सीडी उलटी करून उजेडात बघा, ओरखडे असले तर सोडा. पेन्सिल वापरा, पेन नको, वहीत अर्ध्या गोष्टी नंतर खोडाव्या लागतात, योगायोगानं पेटी आलेली असते आणि आपण भलतंच कारण लिहून ठेवतो.