रिबॉन्डिंग, स्मूदनिंग, केराटिन: बेळगावच्या पार्लरमध्ये नेमकं काय मिळतं आणि काय घ्यावं

खडेबाजार, टिळकवाडी, शहापूर कुठेही जा, पार्लरच्या दरपत्रकावर केस सरळ करण्याची चार-पाच नावं दिसतात. रिबॉन्डिंग, स्मूदनिंग, केराटिन, हेअर बोटॉक्स. निपाणी-चिकोडीकडेही हीच नावं आहेत, आणि चंदगडहून लग्नाच्या खरेदीला बेळगावात येणाऱ्या मुली यातलंच काहीतरी करून घरी जातात. नावं कितीही असली तरी बाटलीतली रसायनं दोन-तीन प्रकारचीच असतात. म्हणून इथे परीक्षण नावांचं नाही, रसायनांचं आणि हाताच्या कामाचं केलं आहे.

केस केराटिन या प्रथिनाचे असतात. त्यातले काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळल्यावर पुन्हा जुळतात, म्हणून नुसत्या इस्त्रीने सरळ केलेले केस पावसाच्या पहिल्या सरीत पुन्हा वळतात. कुरळेपणा खरा टिकवतात ते गंधकाचे बंध. ते पाण्याने किंवा उष्णतेने हलत नाहीत, त्यांना रसायनच लागतं.

रिबॉन्डिंग आणि स्मूदनिंग ही दोन्ही कामं बहुतेक वेळा एकाच जातीच्या क्रीमने होतात: अमोनियम थायोग्लायकोलेट (थोडक्यात ‘थायो’), पीएच साधारण ९ ते ९.५. स्मूदनिंगला सौम्य क्रीम, कमी वेळ, हलकी इस्त्री. क्रीम गंधकाचे बंध तोडतं, इस्त्री केसाला सरळ बसवते आणि दुसऱ्या ट्यूबमधलं न्यूट्रलायझर (सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सोडियम ब्रोमेट) तेच बंध नव्या जागी पुन्हा जोडतं. आमच्या मते रसायनाने केस सरळ करायचेच असतील तर हाच प्रकार घ्यावा. पहिली अट, केस रंगवलेले किंवा ब्लीच केलेले नसावेत. परिणाम कायमचा असतो, फक्त मुळाशी नवे केस दरमहा एक-सव्वा सेंटिमीटर कुरळेच उगवतात.

पार्लरमधल्या ‘केराटिन’ ट्रीटमेंटची गोष्ट वेगळी. त्यात बंध तोडून जोडले जात नाहीत. द्रव लावून २०० ते २३० अंशांच्या इस्त्रीने केसावर थर पक्का केला जातो, तो काही महिन्यांत धुऊन जातो. जुन्या पद्धतीच्या बाटल्यांत फॉर्मल्डिहाइड असतं. इस्त्री फिरली की त्याचा धूर डोळ्यांत आणि घशात झोंबतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. लेबलवर ‘फॉर्मल्डिहाइड फ्री’ असलं तरी मागे मिथिलिन ग्लायकॉल लिहिलेलं असेल तर ते पाण्यात मिसळलेलं फॉर्मल्डिहाइडच आहे. फॉर्मल्डिहाइडऐवजी येणाऱ्या ग्लायॉक्सिलिक अ‍ॅसिडच्या उत्पादनांवरही आता विश्वास ठेवू नये. ती लावल्यानंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याचे रुग्ण इस्रायल आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२३ आणि २०२४ मध्ये नोंदवले आहेत. ‘हेअर बोटॉक्स’मध्ये बोटॉक्स नसतंच. कधी ते साधं कंडिशनिंग असतं, कधी हेच अ‍ॅसिड. घटक वाचल्याशिवाय होकार देऊ नका. पंखा आणि खिडकी नसलेल्या खोलीत केराटिन करून घेणं आम्ही कुणालाच सुचवणार नाही, आणि दिवसभर तो धूर घेणाऱ्या पार्लरमधल्या मुलींसाठी तर मुळीच नाही.

तिसरा प्रकार सोडियम हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारं जास्त तीव्र क्रीम, पीएच १२ च्या वर. आपल्याकडच्या केसांना त्याची गरज नाही. तो लावलेल्या केसांवर थायोचं क्रीम कधीच लावायचं नाही, उलटही नाही. केस तुटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि पार्लरमध्ये सगळ्यात कमी विचारलं जाणारं: मेंदी. शुद्ध मेंदीचा थर केसावर बसतो, क्रीम आत सारखं शिरत नाही आणि केस पट्ट्यापट्ट्यांनी सरळ होतात. खरा धोका काळ्या मेंदीच्या पुडीचा. काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात आणि पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस गरम होऊन विरघळल्यासारखे तुटतात. याची चाचणी सोपी आहे. विंचरताना गळालेले किंवा टोकाचे वीसेक केस दोऱ्याने बांधा. काचेच्या पेल्यात ३० मिली २० व्हॉल्यूम (म्हणजे ६ टक्क्यांचं) पेरॉक्साइड आणि अमोनियाचे २० थेंब घ्या, त्यात केस अर्धा तास बुडवून ठेवा. पेला तापला, केसांचा रंग झटक्यात उतरला किंवा केस ओढताच तुटले, तर ते केस कापून जाईपर्यंत स्ट्रेटनिंगचा विषय बंद. ही चाचणी करून देणारं पार्लर सापडलं तर तेच पार्लर धरा.

दुसरी अडचण बोअरच्या पाण्याची. बादलीला तांबडा डाग पडतो अशा पाण्यात लोह असतं आणि थायोशी लोह भेटलं की जांभळट रंग येतो. उपनगरात बोअरवर चालणाऱ्या पार्लरमध्ये केस धुण्याचं पाणी कुठलं ते विचारा. घरी बोअरच असेल तर आदल्या आठवड्यात केस नळाच्या पाण्याने धुवा.

काम कसं व्हायला हवं ते माहीत असलं म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या चूक दिसते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं क्रीम लावून ४८ तास आधी अ‍ॅलर्जी पाहिलेली असावी. तीन दिवस आधीपासून डोक्याला तेल नको. खोबरेलाचा थर राहिला की क्रीम शिरत नाही. त्या दिवशी कंडिशनर न लावता क्लॅरिफायिंग (केसांवरचा साचलेला थर काढणाऱ्या) शाम्पूने धुणं, डोकं न खाजवता, आणि केस जवळजवळ पूर्ण वाळवणं. कपाळाच्या रेषेला आणि कानांना व्हॅसलिन, हातात मोजे, वाडगा प्लॅस्टिकचा.

केसांचे चार भाग करून सुरुवात मानेकडून करतात, कारण तिथले केस हट्टी असतात. क्रीम टाळूपासून अर्धा ते एक सेंटिमीटर सोडून, अर्ध्या सेंटिमीटरच्या पातळ भांगांत लावायचं. खांद्यापर्यंतच्या मध्यम दाट केसांना साधारण सव्वाशे मिली लागतं. त्यात हात आखडला की काही बटा कोरड्याच राहतात. फणी रुंद दातांची, आणि केस ताणायचे नाहीत, क्रीम लावलेला केस ताणला की तिथेच तुटतो. वेळ पाकिटावर दिलेला असतो, सर्वसाधारण केसांना १५ ते २० मिनिटं, हट्टी केसांना जास्तीत जास्त ३०. पण घड्याळावर विसंबू नये. दर पाच मिनिटांनी एक केस पुसून बोटाभोवती गुंडाळून पाहायचा. वळण परत उसळी मारत नसेल तर लगेच धुवायचं. ओला केस च्युइंगमसारखा लांबत गेला तर वेळ निघून गेलेली आहे.

धुणं पूर्ण १० मिनिटं, कोमट पाण्याने, शाम्पूशिवाय. क्रीम राहिलं तर वास आठवडाभर जात नाही आणि केस आतून झिजत राहतात. मग पूर्ण वाळवून १८० अंशांवर, एकेका सेंटिमीटरच्या बटेवर तीन-चार वेळा इस्त्री. ओल्या केसावर इस्त्री फिरवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात फुगे धरतात, तो केस परत नीट होत नाही.

खरी चोरी होते ती पुढच्या पायरीत. न्यूट्रलायझर घाईने, पातळ लावलं की बंध अर्धवट जुळतात. महिनाभरात केस वळतात, टोकं तुटतात, आणि दोष क्रीमवर ढकलला जातो. ते क्रीमइतकंच, सगळ्या बटांना, केस सरळ ठेवून १० मिनिटं असायला हवं. पावसाळ्यात इस्त्रीच्या मध्येच वीज गेली तर वाट पाहत बसू नका: केस सरळ विंचरून न्यूट्रलायझर लावून घ्या. परिणाम थोडा कमी येईल, केस वाचतील.

या सगळ्याला चार ते सहा तास लागतात. दोन तासांत करून देतो म्हणणाऱ्याने काहीतरी गाळलेलं असतं.

नंतर ४८ ते ७२ तास केस कोरडे. रबर नको, पिन नको, बट कानामागे सारणं नको, आणि स्कूटरवरचं हेल्मेटही शक्यतो नको, त्याची खूण बसते. खानापूर-कणकुंबीच्या पावसात हे तीन दिवस सांभाळणं कठीण, म्हणून तिकडच्यांनी जून ते सप्टेंबर टाळावा. नवरीने लग्नाआधी किमान महिनाभर करून घ्यावं. तेव्हाही हे लक्षात ठेवा की रिबॉन्डिंगच्या गुळगुळीत केसांवर अंबाडा टिकत नाही, पिना आणि गजरा दोन्ही घसरतात. खोपा घालायचा असेल तर स्मूदनिंगवर थांबा.

गरोदरपणात, अंगावर दूध पाजताना, टाळूला जखम किंवा नायटा असताना, आणि १६ वर्षांखालच्या मुलींना यातलं काहीच नको. दमा असेल तर धूर निघणारे प्रकार वर्ज्य. अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत (२०२२) वर्षात चारपेक्षा जास्त वेळा स्ट्रेटनर वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण अधिक दिसलं. त्यातून कारण सिद्ध होत नाही, पण वारंवार करणं टाळायला ते पुरेसं आहे.

खोक्यावर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची यादी हवी. लेबल नसलेल्या डब्यातून काढलेलं क्रीम नाकारा. ट्यूब समोर उघडायला सांगा. घरी किट आणून स्वतःच्या डोक्याच्या मागच्या बाजूला हे काम नीट होत नाही, दुसऱ्या अनुभवी हाताशिवाय करू नका. टाळूला जळजळ सुरू झाली तर ‘थोडं सहन करा’ हे ऐकायचं नाही, १५-२० मिनिटं साध्या पाण्याने धुवायचं, फोड आले तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं. टचअप सहा महिन्यांच्या आत नाही, आणि तोही फक्त नव्या सहा-सात सेंटिमीटर केसांना. आधी सरळ केलेल्या भागावर कंडिशनरचा जाड थर लावून तो झाकायचा, म्हणजे क्रीम त्यावर चढत नाही.